बेकायदा मासेमारीचा माग कसा काढायचा: जहाजाच्या क्रमांकापासून मालकापर्यंत

चोरून धरलेली मासळी समुद्रात विकता येत नाही. ती कुठल्या तरी धक्क्याला लागते, कुठल्या तरी कागदावर चढते आणि कुणाच्या तरी खात्यात तिचे पैसे जमा होतात. बेकायदा मासेमारीविरुद्ध काम करायचं असेल तर हा रस्ता डोक्यात पक्का हवा, कारण सगळ्या समुद्रावर पहारा ठेवणं कुठल्याच देशाला परवडलेलं नाही. गस्तीनौका लागतातच, त्यांना पर्याय नाही. पण बहुतेक प्रकरणं सुटतात ती बंदरात, कागदांच्या ढिगात आणि मालकाच्या पत्त्यावर.

चोरी किती होते? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरची बेकायदा आणि न नोंदवलेली मासेमारी वर्षाला १.१ ते २.६ कोटी टन असावी, असा अंदाज मांडला होता. आकडा जुना आहे आणि त्याची दोन टोकं दुपटीहून लांब आहेत, तरी आजही तोच सगळीकडे फिरतो. चोर हिशेब देत नाहीत, त्याला इलाज नाही. साठ्यांचा हिशेब त्यामानाने भरवशाचा: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या मोजणीत १९७४ साली सुमारे १० टक्के सागरी साठे अतिमासेमारीखाली होते, २०२१ साली ३७.७ टक्के. सगळा दोष चोरीचा नाही. परवाना काढून, कायद्यात राहून केलेली अतिमासेमारीही त्यात आहे. पण चोरीचं दुहेरी नुकसान असतं. मासे जातात ते जातातच, शिवाय ती पकड नोंदीत नसल्याने साठ्याचा अंदाज बांधणाऱ्या शास्त्रज्ञांचं गणित चुकतं आणि पुढच्या वर्षीचा कोटा चुकीच्या पायावर ठरतो.

पुढच्या पायऱ्या मच्छीमार संघटना, पत्रकार, किनाऱ्यावर काम करणाऱ्या संस्था आणि तपासणीच्या कामात नव्याने आलेले अधिकारी, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. एकाच माणसाने सगळ्या चढायच्या नाहीत. आपलं काम कुठे थांबतं आणि ते कुणाच्या हातात द्यायचं, हे कळलं तरी बरंच झालं.

पायरी १: नेमका कुठला नियम मोडला, ते आधी ठरवा

‘मोठी बोट आली आणि सगळं ओरबाडून नेलं’ ही तक्रार खरी असू शकते, पण तिच्यावर कारवाई होत नाही. एफएओच्या २००१च्या कृती आराखड्यात तीन प्रकार वेगळे केले आहेत. परवान्याशिवाय, बंदीच्या क्षेत्रात किंवा बंदीच्या साधनाने केलेली मासेमारी बेकायदा. पकड लपवली किंवा खोटी सांगितली तर ती न नोंदवलेली. आणि कुठल्याच देशाचा झेंडा नसलेल्या जहाजाने, किंवा जिथे व्यवस्थापनाचे नियमच नाहीत तिथे केलेली, ती अनियंत्रित. तिन्हींचा पुरावा वेगळा लागतो. पहिल्यात जागा, वेळ आणि जाळं सिद्ध करावं लागतं, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात जहाजाची ओळख.

मग जागा बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, त्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र, जिथल्या मासळीवर हक्क त्याच देशाचा. १९८२च्या समुद्र कायदा कराराने ही चौकट घालून दिली. त्यापलीकडे खुला समुद्र. तिथे जहाजावर मुख्यतः झेंड्याच्या, म्हणजे नोंदणीच्या, देशाचा अधिकार चालतो, आणि ट्यूना, टूथफिश अशा माशांसाठी प्रादेशिक मत्स्य व्यवस्थापन संघटनांचे नियम असतात: अटलांटिकमध्ये आयसीसीएटी, हिंदी महासागरात आयओटीसी, दक्षिण महासागरात सीसीएएमएलआर, अशा. एकाच जागी दोन-दोन संघटनांचे नियम लागू असू शकतात.

एका पानावर तक्ता करा: क्षेत्र, हंगाम, जाळ्याचा प्रकार, आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, किमान आकार, माशाची किमान लांबी, परवाना कुणाचा लागतो. प्रत्येक रकान्यासमोर नियमाचं कलम लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळे टाळतात. पुढे तक्रार फेटाळली जाते ती बहुतेक वेळा याच पानाच्या अभावी.

पायरी २: जहाज कोण आहे

नावावर विश्वास ठेवू नका. नाव हा जहाजाचा सगळ्यात स्वस्त भाग. रंगाचा एक डबा पुरतो. झेंडाही बदलता येतो. दक्षिण महासागरातला टूथफिश चोरणाऱ्या ‘एसटीएस-५०’ या जहाजाने वेगवेगळ्या वेळी अनेक देशांचे झेंडे सांगितले, नावंही बदलली. मोझांबिकमधल्या मापुतोत अडकल्यावर ते तिथूनही निसटलं आणि शेवटी एप्रिल २०१८मध्ये इंडोनेशियाने त्याला धरलं.

बदलत नाही तो आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक. सात आकडे, जहाजाच्या सांगाड्याला जन्मभर चिकटलेले. मालक, नाव, झेंडा काहीही बदललं तरी तोच. मासेमारी जहाजांसाठी ही सोय २०१३ साली खुली झाली आणि २०१७ साली आपल्या देशाच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या १२ मीटरपर्यंतच्या लहान यांत्रिक बोटींनाही तिचा लाभ घेता येऊ लागला. हा क्रमांक खरा वाटतो का, हे कागद-पेन्सिलीने तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा हाच क्रमांकाचा सातवा आकडा असला पाहिजे. उदाहरणासाठी बनवलेला क्रमांक घेऊ: ८१२३४५६. म्हणजे ५६, ६, १०, १२, १२, १०. बेरीज १०६, शेवटचा आकडा ६. जुळला. जुळला म्हणून क्रमांक त्याच जहाजाचा आहे असं सिद्ध होत नाही, पण न जुळणारा क्रमांक मनाने रचलेला किंवा चुकून उतरवलेला आहे, हे दोन मिनिटांत कळतं.

याशिवाय रेडिओचं सांकेतिक नाव आणि एमएमएसआय हा नऊ आकडी क्रमांक नोंदवा. एमएमएसआयचे पहिले तीन आकडे देश सांगतात. जहाजाच्या मागे एका देशाचं नाव रंगवलेलं आणि एमएमएसआय दुसऱ्या देशाचा, असं दिसलं की पेन्सिल टोकदार करून बसा.

ही ओळख हातात आल्यावर याद्या पाहा. प्रत्येक प्रादेशिक संघटना आपली काळी यादी जाहीर करते. नॉर्वेतली टीएमटी ही संस्था त्या सगळ्या एकत्र करून, जुनी नावं आणि जुने झेंडे यांच्यासह, सर्वांना खुली ठेवते. नावाने शोधून काही सापडलं नाही तरी क्रमांकाने शोधा.

पायरी ३: जहाज कुठे होतं

इथे लोकांना सगळ्यात जास्त उत्साह असतो आणि चुकाही इथेच जास्त होतात.

एआयएस हे मुळात टक्कर टाळण्यासाठीचं यंत्र. जहाज आपली जागा, वेग, दिशा सतत प्रक्षेपित करतं, आणि ती उपग्रहांना ऐकू येते. व्हीएमएस वेगळं: जागा कळवणारं तेही यंत्रच, पण ते मत्स्य खात्यासाठी असतं, त्याची माहिती सहसा सरकारपुरतीच राहते. इंडोनेशियाने २०१७ साली आपली व्हीएमएस माहिती खुली करायला सुरुवात केली, पाठोपाठ पेरूने केली, पण बहुतेक देश ती दडवूनच ठेवतात. ग्लोबल फिशिंग वॉचच्या मोफत नकाशावर या खुल्या माहितीतून जहाजांचे माग कुणालाही बघता येतात.

माग वाचायला डोळा बसवावा लागतो. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी बोट, साधारण ३ ते ५ नॉट (तासाला तितके सागरी मैल) वेगाने एकाच पट्ट्यात फेऱ्या मारतो. नांगरलेल्या शेतासारख्या रेघा दिसतात. लाँगलाइन बोट, म्हणजे गळांची लांबलचक दोरी सोडणारी, कित्येक किलोमीटरची सलग रेघ ओढत जाते, थांबते, आणि मग त्याच रेघेवरून रखडत परत येते. पर्ससीन बोट, म्हणजे माशांच्या थव्याभोवती जाळं फिरवणारी, वेगाने भटकते, अचानक एक छोटं वर्तुळ काढते आणि काही तास जवळपास जागेवर असते. माकूळ धरणाऱ्या बोटी रात्री दिवे पेटवून तरंगत राहतात. म्हणजे ‘आम्ही तिथून फक्त जात होतो’ असं म्हणणाऱ्याच्या मागावर त्या जागी १० नॉटची सरळ रेघ दिसायला हवी. ४ नॉटच्या वळवळत्या रेघा दिसल्या तर प्रश्न विचारायला जागा आहे.

दुसरी खूण म्हणजे भर समुद्रातली भेट. दोन जहाजं ५०० मीटरच्या आत, दोन तासांहून अधिक, अगदी मंद वेगात, आणि त्यातलं एक शीतजहाज, म्हणजे गोठवलेली मासळी वाहून नेणारं: माल हलवला जात असण्याची शक्यता मोठी. ऑगस्ट २०१७मध्ये इक्वेडोरने गॅलापागोसच्या राखीव क्षेत्रात ‘फू युआन यू लेंग ९९९’ हे शीतजहाज पकडलं, तेव्हा त्यात हजारो शार्क निघाले. ते आले कुठून? जहाजाचा मागचा माग तपासल्यावर दिसलं, की काही दिवस आधी ते खूप पश्चिमेला खुल्या समुद्रात लाँगलाइन बोटींना भेटलं होतं.

आता मर्यादा. एआयएस बंद पडणं हा आपोआप गुन्हा नाही. गजबजलेल्या भागात उपग्रहाला संदेश नीट ऐकू येत नाहीत, काही ठिकाणी चाच्यांच्या भीतीने यंत्र बंद ठेवतात, आणि अनेक देशांत मासेमारी बोटींना ते लावण्याची सक्तीच नाही. बंद होण्याची जागा बघा. दर फेरीत बंदीच्या रेषेच्या अलीकडे बंद आणि चार दिवसांनी त्याच रेषेजवळ सुरू, असा नमुना असेल तर बोला. उलटही होतं: यंत्र चालू, पण जागा खोटी. एखादं जहाज नकाशावर डोंगरातून जाताना किंवा अचूक गोल फिरताना दिसलं, तर माहितीत फेरफार आहे किंवा उपकरण बिघडलंय.

आणि जी बोट नकाशावर दिसतच नाही तिचं काय? जानेवारी २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने रडार उपग्रहांची चित्रं एआयएसशी ताडून दाखवलं, की जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी ७२ ते ७६ टक्के सार्वजनिक मागावर दिसतच नाहीत. रडारला ढग आणि अंधार आड येत नाहीत, रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रह वेगळे. उत्तर कोरियाच्या पाण्यात २०१७ साली ९००हून अधिक बोटी माकूळ उपसत होत्या, हे अशीच वेगवेगळी उपग्रह-माहिती एकत्र करून २०२०मध्ये उघड झालं. पण रडारच्या चित्रात जहाज म्हणजे एक पांढरा ठिपका. लांबी कळते, नाव कळत नाही. गस्त कुठे पाठवायची हे ठरवायला ठिपका उत्तम, खटला चालवायला अपुरा.

पायरी ४: समुद्रावर आणि किनाऱ्यावर पुरावा

छोटे मच्छीमार रोज समुद्रावर असतात. त्यांच्याएवढे डोळे कुठल्याच नौदलाकडे नाहीत. घाना आणि लायबेरियात किनाऱ्यालगतच्या राखीव पट्ट्यात घुसणाऱ्या ट्रॉलरचे फोटो लहान होड्यांवरचे लोक मोबाइल ॲपवरून जागेसकट पाठवतात.

पहिला नियम: पाठलाग नको, जवळ जाणं नको, जाळ्याला हात लावणं तर नकोच. ट्रॉलरच्या ताणलेल्या दोरखंडाजवळ छोटी होडी नेणं जिवावर बेततं. लांबून जे मिळेल ते मिळवा.

फोटोंची मालिका घ्या. आधी तुमच्या जीपीएसचा पडदा, मग जहाज पूर्ण, मग नाव आणि क्रमांक, मग पाण्यात जाणारे दोर किंवा डेकवरचं जाळं, मग क्षितिज किंवा ओळखीचं टोक, शेवटी पुन्हा जीपीएसचा पडदा. नुसत्या नावाच्या फोटोवरून ‘आम्ही बंदरात उभे होतो’ म्हणता येतं. दोर पाण्यात ताणलेले दिसले की ती पळवाट बंद. मूळ फाइल मेमरी कार्डावर तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली वेळ-जागेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्याच दिवशी लिहून काढा. टिपण असं असावं: ‘दिनांक, स्थानिक वेळ ०५:४०, युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) इतकी. अक्षांश-रेखांश असे. अंदाजे ३० मीटरचं पोलादी जहाज, बाजू निळी, केबिन पांढरी, पुढच्या बाजूला गंजाचा पट्टा. मागे दोन दोर पाण्यात, वेग माणसाच्या झपाट्याने चालण्याएवढा. मागे पक्ष्यांचा थवा. नावातली शेवटची तीन अक्षरं वाचता आली.’ अंदाज आणि पाहिलेलं वेगळं ठेवा. ‘बंदीचं जाळं वापरत होते’ हा निष्कर्ष आहे, तो अधिकाऱ्याला काढू द्या. बोटीवर दोघं असाल तर दोघांनी वेगवेगळं लिहा आणि एकमेकांचं बघून दुरुस्त करू नका. किरकोळ विसंगती असलेली दोन टिपणं एका पाठ केलेल्या जबानीपेक्षा जास्त विश्वासार्ह असतात.

खलाशांकडेही बघा. ओळखपत्रं कप्तानाने काढून घेतलेली, महिनोन्‌महिने जमिनीवर पाय नाही, पगाराचा पत्ता नाही: चोरटी मासेमारी आणि वेठबिगारी अनेकदा एकाच जहाजावर नांदतात. २०१७पासून अमलात असलेला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८८वा करार लेखी कामाचा करार आणि विश्रांतीचे तास यांची सक्ती करतो, आणि तो मान्य केलेल्या देशाला आपल्या बंदरात आलेलं परदेशी जहाजही त्यासाठी तपासता येतं. खलाशी हा सगळ्यात मोलाचा साक्षीदार आणि सगळ्यात असुरक्षितही. त्याचं नाव, चेहरा कुठेही जाहीर करू नका.

पायरी ५: बंदर

माझ्या मते एकाच ठिकाणी ताकद लावायची असेल तर ती इथे लावावी.

बंदर राज्य उपाययोजना करार २००९ साली झाला आणि ५ जून २०१६पासून अमलात आला. आज युरोपीय संघ एक धरून ८०हून अधिक पक्ष त्यात आहेत. त्याची रचना साधी आहे. परदेशी मासेमारी जहाजाने, आणि मासळी वाहणाऱ्या शीतजहाजानेही, ठरवून दिलेल्या बंदरांतच यायचं आणि येण्याआधी आपली ओळख, परवाने, पकड, माल हलवल्याच्या नोंदी कळवायच्या. संशय असेल तर प्रवेश नाकारता येतो, किंवा तपासणीपुरता देता येतो. दोष सापडला तर माल उतरवणं, इंधन, रसद, डागडुजी, काहीच मिळत नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तेवढा अपवाद. गस्तीनौकेच्या एका फेरीच्या खर्चात बंदरात कितीतरी तपासण्या होतात.

तपासणीला चढताना कागदांपासून सुरुवात करू नका, बाहेरून एक चक्कर मारा. जहाजाच्या मागच्या भागावर बॅटरीचा उजेड तिरका पाडा: जुनं नाव वेल्डिंगच्या अक्षरांत असेल आणि घासून वर रंग दिला असेल, तर सपाट उजेडात न दिसणाऱ्या कडा सावलीत उठतात. आयएमओ क्रमांक बाहेर रंगवलेला, इंजिनखोलीत कोरलेला आणि कागदावर छापलेला, तिन्ही एक आहेत का ते बघा. जीवरक्षक कडी, लाइफ जॅकेट, बादल्या यांवर दुसऱ्याच जहाजाचं नाव राहून जातं. नाव बदलणारे लोक बादल्या विसरतात.

मग जाळं. खोल्याचा, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा, आस मोजायचा तो ओल्या जाळ्यावर, ठरलेल्या मापकाने, ओळीने अनेक आस घेऊन सरासरी काढून. एका आसाचं माप कोर्टात टिकत नाही. खोल्याच्या आत दुसरं बारीक जाळं शिवलेलं नाही ना, ते हात घालून बघा. बाहेरचं जाळं नियमात आणि आत अस्तर, ही जुनी युक्ती.

मग लॉगबुक. खऱ्या लॉगबुकात खाडाखोड असते, पाण्याचे डाग असतात, एखाद्या दिवशी पकड शून्य असते. महिनाभर रोज दोन टन, एकाच पेनाने, एकाच दिवशी बसून लिहिलेलं हस्ताक्षर दिसलं, तर ते पुस्तक समुद्रावर लिहिलेलंच नाही. लॉगबुकातली जागा जीपीएसमधल्या साठवलेल्या खुणांशी ताडा. इंधनाचा खप आणि प्रवासाचं अंतर जुळतं का बघा. शेवटी होल्ड, म्हणजे माल ठेवायची कोठी. मालाच्या आराखड्यात कुठल्या कप्प्यात काय हे लिहिलेलं असतं. पहिले थर काढून तळाचे खोके उघडा, कारण लपवायचं ते वरच्या थरात कुणी ठेवत नाही. डोकं-पोट काढलेल्या माशाचं वजन मूळ वजनात बदलण्याचा गुणक प्रत्येक जातीला ठरलेला असतो. तो मुद्दाम कमी लावून कितीतरी टन गायब करता येतात. हा गुणक आधी पाठ करून चढा.

कराराला भोकं आहेत. आधी एखाद्या ढिल्या बंदरात उतरवलेली मासळी कंटेनरमधून पुढे गेली, तर कंटेनर जहाजाला हे नियम सहसा लागत नाहीत. आणि करारात नसलेलं शेजारचं बंदर ही तर उघडी खिडकीच. म्हणून शेजारी देशांनी माहिती वाटून घेणं महत्त्वाचं. पश्चिम हिंदी महासागरातल्या आठ देशांनी २०१२पासून ‘फिश-आय आफ्रिका’ या नावाने हेच केलं: एका देशाने नाकारलेलं जहाज दुसऱ्याकडे पोचण्याआधी तिथे निरोप गेलेला असतो.

तुम्ही अधिकारी नसाल तर? आपला देश करारात आहे का, कुठली बंदरं नेमली आहेत, वर्षभरात किती परदेशी जहाजं आली आणि त्यातली किती तपासली, हे माहिती मागवण्याच्या कायद्याने विचारा. संशयित जहाज कुठे निघालंय हे एआयएसवरून दिसत असेल, तर पोचण्याच्या आधी तिथल्या मत्स्य खात्याला लिहा. पोचून माल उतरल्यावर लिहिलेल्या पत्राचा फारसा उपयोग नाही.

पायरी ६: कागदांची बेरीज

टूथफिशसाठी सीसीएएमएलआरने २०००पासून पकडीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. २०१०पासून युरोपीय संघाने आयात होणाऱ्या बहुतेक सागरी मासळीला ते लावलं. अमेरिकेने २०१८पासून ठरावीक जातींच्या आयातीवर तसाच माग ठेवायला घेतला. कागद आला की खोटा कागदही आला. ठरलेली युक्ती म्हणजे एका खऱ्या प्रमाणपत्राच्या प्रती काढून ती वेगवेगळ्या मालांना लावणं. प्रत्येक प्रत एकेकटी निर्दोष दिसते. ती पकडायची तर एकाच क्रमांकावर आलेल्या सगळ्या मालांची बेरीज करावी लागते, आणि ती करायला सगळ्या देशांच्या नोंदी एका संगणकात हव्यात. कारखान्यात गेलात तर आत आलेलं वजन आणि बाहेर गेलेलं वजन मांडा. शंभर टन मासळीतून एकशेदहा टन फिले, म्हणजे काटे काढलेले तुकडे, निघत नाहीत.

जातीबद्दल शंका असेल तर डीएनए तपासणी आता नित्याची झाली आहे. शिजवलेल्या तुकड्यावरूनही बऱ्याचदा जात सांगता येते. कुठल्या समुद्रातला मासा, हे मात्र इतक्या सहज कळत नाही.

पायरी ७: पैसा

कप्तानाला पकडणं सोपं, मालक दुसऱ्या देशात, कंपनी तिसऱ्या, बँक चौथ्या. टूथफिश चोरणारं ‘थंडर’ हे जहाज डिसेंबर २०१४पासून ११० दिवस सी शेफर्ड या संस्थेच्या जहाजांनी पाठीमागे लागून जेरीला आणलं आणि एप्रिल २०१५मध्ये ते साओ टोमे या आफ्रिकी बेटाजवळ बुडालं. कप्तान आणि दोन इंजिनियरांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा केली, दीड कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला. असा दंड जहाजावरचे पगारी लोक कुठून भरणार? म्हणून आपल्या नागरिकाला, तो कुठल्याही झेंड्याखाली मासेमारी करवत असला तरी, जबाबदार धरणारा कायदा हवा. स्पेनने तसा कायदा करून परदेशी झेंड्यांच्या जहाजांमागच्या कंपन्यांना मोठे प्रशासकीय दंड लावले.

दुसरी वाट बाजाराच्या देशाची. अमेरिकेच्या १९००च्या लेसी कायद्याखाली दुसऱ्या देशाचा कायदा मोडून मिळवलेला माल अमेरिकेत आणणं हाच गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेत मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त रॉक लॉबस्टर पकडून अमेरिकेत विकणारी टोळी २००१मध्ये एका कंटेनरवरून सापडली, आणि पुढे अमेरिकी न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेला २ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली.

समुद्र कायदा कराराच्या ७३व्या कलमाप्रमाणे अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, देशांत तसा करार नसेल तर, परदेशी खलाशांना तुरुंगात टाकता येत नाही, आणि पुरेसा जामीन दिला की जहाज व माणसं लवकर सोडावी लागतात. म्हणजे भार दंडावर आणि जप्तीवर. दंड एका फेरीच्या नफ्यापेक्षा कमी असेल तर मालक तो इंधनासारखा खर्चात धरतो. इंडोनेशियाने २०१४नंतर शेकडो बोटी बुडवल्या. दृश्य नाट्यमय होतं, आणि परदेशी बोटींची मासेमारी ९० टक्क्यांहून अधिक घटली असं २०१८च्या एका अभ्यासात आढळलंही. त्याच अभ्यासाचा इशारा कमी ऐकला जातो: मोकळी झालेली जागा देशी बोटींनी भरून काढली तर साठ्याला काहीच मिळत नाही.

अनुदान हाही पैसाच. जागतिक व्यापार संघटनेचा जून २०२२चा मत्स्य अनुदान करार सप्टेंबर २०२५मध्ये अमलात आला. बेकायदा मासेमारीत दोषी ठरलेल्या जहाजाला किंवा चालकाला सरकारी अनुदान देता येणार नाही, हे त्यातलं कलम कामाचं आहे. अनुदानाच्या याद्या आणि काळ्या याद्या शेजारी ठेवून बघा. पत्रकारांसाठी यासारखी सोपी आणि न केलेली बातमी नाही.

पायरी ८: तक्रार कुणाकडे, कधी

एकाच मजकुराचं पत्र चार ठिकाणी जातं: ज्याच्या पाण्यात घडलं तो देश, ज्याचा झेंडा तो देश, जहाज जिथे निघालंय तिथलं बंदर, आणि त्या भागाची प्रादेशिक संघटना. पहिल्या परिच्छेदात जहाजाची ओळख, जागा, वेळ, मोडलेलं कलम. पुरावे क्रमांक घालून खाली. मोठ्या बाजाराचा दबाव लागतो तिथे युरोपीय संघाकडेही प्रत पाठवा. त्यांच्या पिवळ्या कार्डाने, म्हणजे सुधारला नाहीत तर मासळीची आयात बंद होईल या इशाऱ्याने, सरकारं हलतात: थायलंडला एप्रिल २०१५मध्ये ते मिळालं, नवा मत्स्य कायदा, बंदरात ये-जा करणाऱ्या बोटींची तपासणी केंद्रं आणि व्हीएमएसची सक्ती झाल्यावर जानेवारी २०१९मध्ये ते निघालं. मात्र अशा कडकपणाचा पहिला मार लहान बोटींवर पडतो, कारण त्या हाताशी असतात. मोठ्या ताफ्यांसाठी केलेल्या कागदपत्रांची यादी तीच्या तीच होडीवाल्यांवर लादली जात असेल, तर तिथेही तक्रार करा.

प्रादेशिक संघटनेच्या काळ्या यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव सहसा सदस्य देशच मांडतो, आणि यादीवर निर्णय वार्षिक बैठकीत होतो. पुरावा त्याच्या काही महिने आधी पोचावा लागतो. म्हणून बैठकीची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवा, प्रस्तावाची अंतिम मुदत शोधा आणि आपल्या देशाच्या प्रतिनिधी मंडळात कोण आहे ते विचारून घ्या. मुदत हुकली तर तेच जहाज आणखी वर्षभर यादीबाहेर राहतं, आणि तेवढ्या काळात त्याचं नाव, झेंडा, मालक सगळं बदललेलं असू शकतं. तुमच्या फाइलवर मात्र आयएमओ क्रमांक पहिल्या ओळीत असू द्या.